एकाच नावाच्या दोघी

समुद्रपूरला कुणी विचारलं, "पोरगी इद्यापीठात काय करते?" की वडील सांगायचे, "रक्त पाह्यते." जीवरसायनशास्त्र हा शब्द त्यांच्या तोंडात कधी बसला नाही. खरं तर त्यांचंच उत्तर जास्त बरोबर होतं. मी आयुष्यभर रक्तच पाहिलं.

वडील स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. हिंगणघाटची गाडी, उमरेडची गाडी, मुक्कामाची गाडी, कोणती किती वाजता आली आणि किती वाजता सुटली, हे लिहिण्यात त्यांची नोकरी गेली. शेतीवाल्यांच्या गावात आमच्याकडे शेती नव्हती, म्हणून शिकण्याशिवाय इलाज नव्हता. मी वर्ध्याला बी.एस्सी. केलं, पुढचं नागपूरला. पीएच.डी.साठी तांबड्या पेशींतल्या एका एन्झाइमवर पाच वर्षं घालवली. त्या प्रबंधाचा कुणाला काही उपयोग झाल्याचं मला ठाऊक नाही. वर्ध्याला परतून विद्यापीठात अधिव्याख्याता म्हणून लागले तेव्हा विभागात दोन खोल्या होत्या, पांढऱ्या कापडाखाली झाकलेलं एक यंत्र होतं आणि एक तंत्रज्ञ होते.

हे तंत्रज्ञ पुलगावहून रोज गाडीनं यायचे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. त्यांचे वडील तिथल्या कापड गिरणीत होते. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला मॅडम म्हणायचे, आणि तीस वर्षांत यात बदल झाला नाही. त्यांचा हात इतका हलका होता की लहान मुलाच्या शिरेतून रक्त काढलं तरी मूल आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचं आणि नंतर रडायचं. मी शिकवत होते, निबंध छापत होते, परिषदांना जात होते. पण मे महिन्यात वर्ध्याच्या उन्हात प्रयोगशाळा चालू ठेवायची म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं. बर्फ कुठून आणायचा, वीज गेली की काय आधी वाचवायचं, हे मी त्यांच्याकडून शिकले.

मी लग्न केलं नाही. नालवाडीला दोन खोल्यांचं घर घेतलं आणि तिथंच राहिले. हे आत्ता सांगण्याचं कारण पुढं येईल.

आमच्या भागात सिकलसेल पुष्कळ. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तर मूल जन्मभर आजारी राहतं. सांधे दुखतात, रक्त कमी होतं, थंडीत तर जीव नकोसा होतो. दोघांपैकी एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट असतो, तो फक्त वाहक. दोन वाहकांनी लग्न केलं तर मूल आजारी होण्याची भीती. म्हणून लग्नाआधी तपासणी करायची, एवढं साधं ते काम. मला ते मनापासून पटलं होतं. प्रबंधातल्या एन्झाइमपेक्षा हे कुणाच्या तरी कामी येईल, असं वाटायचं. आम्ही गावोगाव शिबिरं घ्यायला लागलो. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडायचं, भाऊंनी रक्त काढायचं, मी नळीवर नंबर लिहायचा आणि आठ दिवसांनी कार्डं वाटायची. दोष नसलेल्याला पांढरं कार्ड, वाहकाला पिवळं, आजारी असलेल्याला लाल. कार्डावर सही माझी.

त्या रंगांचं गावात काय होतं, हे मला हळूहळू कळलं. वर्गात मी सांगायची, वाहक असणं हा आजार नाही, वाहकानं फक्त वाहकाशी लग्न करू नये. गावात एवढं बारीक कुणी ऐकत नसे. पिवळं कार्ड म्हणजे पोरीत खोट. मुलाच्या पिवळ्या कार्डाची चर्चा फारशी व्हायची नाही, मुलीच्या कार्डाची मात्र स्वयंपाकघरापर्यंत जायची. मला ते दिसत होतं. तरी कार्डं वाटणं मी थांबवलं नाही. अज्ञानापेक्षा हे बरं, असं मी स्वतःला सांगत असे. अजूनही तसंच वाटतं, पण पूर्वीसारखं ठामपणे सांगता येत नाही.

ज्या शिबिराबद्दल सांगायचं आहे ते समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात झालं. अर्धं गाव शेतकऱ्यांचं, अर्धं गोंडांचं. दिवस मार्चचा होता आणि दुपारपर्यंत शंभराच्या वर माणसं झाली होती. वीज नव्हती, मला डोकेदुखी होती, आणि मला परत जाऊन एका निवड समितीसाठी कागद तयार करायचे होते. रांगेत दोन मुली एकामागोमाग आल्या. दोघी विशीतल्या. एक शेतकऱ्याची, एक गोंडाची. दोघींचं नाव एकच.

भाऊ सुई लावता लावता म्हणाले, "मॅडम, दोघीचं नाव एकच हाय. नळीवर बापाचंही नाव लिहा."

मी म्हणाले, "नंबर आहे ना भाऊ. तेवढा पुरे."

मी चिकटपट्टीवर दोन नंबर लिहिले आणि दोन नळ्यांना लावले. पुढच्या माणसाला बोलावलं.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली तेव्हाची हकीकत. वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्यातून एका लहान बाळाचा नमुना आमच्याकडे आला. बाळ नऊ महिन्यांचं होतं, हातापायांची बोटं सुजून पावासारखी झाली होती. आमच्याकडे तोवर नवं यंत्र आलं होतं. निकाल अर्ध्या तासात निघाला. बाळाला सिकलसेलचा आजार होता, म्हणजे दोष दोन्हीकडून आलेला. सोबतच्या कागदावर बापाच्या पुढं ‘वाहक’ लिहिलं होतं, आणि आईच्या पुढं ‘सामान्य’. त्याला पुरावा म्हणून पांढऱ्या कार्डाची झेरॉक्स जोडली होती. खाली माझी सही.

असं होत नाही. आई सामान्य असेल तर बाळाला हा आजार होऊ शकत नाही. मी हा नियम हजार विद्यार्थ्यांना फळ्यावर चौकोन काढून शिकवला होता. पहिल्यांदा मला वाटलं दवाखान्याची काही गफलत असेल. मग आईचं रक्त मागवलं. भाऊंनी ते यंत्रात लावलं आणि आम्ही दोघं पडद्यासमोर उभे राहिलो. आलेखाची दोन टोकं वर आली. एक चांगल्या हिमोग्लोबिनचं, एक सिकलचं. आई वाहक होती.

भाऊंनी कपाट उघडलं, जुन्या नोंदवह्यांच्या गठ्ठ्यातून बरोबर ती वही काढली आणि टेबलावर ठेवली. त्यांना न शोधता सापडली, यावरून मला कळलं की ते नळीवरचे दोन नंबर विसरले नव्हते. वहीत दोन ओळी एकाखाली एक होत्या. त्यांच्या अक्षरात दोघींची नावं, बापांची नावं. नंबर माझ्या अक्षरात. एका नंबरापुढं ‘सामान्य’, दुसऱ्यापुढं ‘वाहक’.

"चिकटपट्ट्या उलट लागल्या," मी म्हणाले.

"हाव," ते म्हणाले.

दुसरीची आठवण मला तेव्हा झाली. एकीला खोटं पांढरं कार्ड मिळालं होतं, म्हणजे दुसरीला नऊ वर्षं खोटं पिवळं.

बाळाच्या आईची माहिती दवाखान्यातल्या समाजसेविकेकडून कळली. तिला पुलगावला दिलं होतं. नवरा वाहक, हे त्याच्या घरच्यांना आधीपासून माहीत होतं. ते शहाणे लोक होते. त्यांनी मुद्दाम पांढऱ्या कार्डाची मुलगी शोधली होती. दहा स्थळं पाहून, कार्ड पाहून ही केली. आणि आता बाळाचा निकाल आल्यावर सासरचे म्हणत होते की कार्ड बनावट आहे, माहेरच्यांनी फसवलं. तिला बाळासकट माहेरी पाठवण्याची भाषा चालली होती.

मी कुलसचिवांना लेखी कळवलं. तेवढं मी केलं. पण काय लिहिलं? ‘प्रयोगशाळेत नमुन्यांची अदलाबदल झाल्याचे निदर्शनास आले.’ कुणी केली ते लिहिलं नाही. चौकशी समिती बसली. मी त्या वर्षी विभागप्रमुख होणार होते, आदेश तेवढा निघायचा राहिला होता.

समितीच्या आदल्या दिवशी भाऊ माझ्या खोलीत आले. ते कधी बसत नसत, त्या दिवशी खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, मी सांगतो नळ्या माह्याच हातून बदलल्या."

"काऊन?" मी विचारलं. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून आमच्या घरचा शब्द निघाला.

"तुमाले विभाग चालवाचा हाय. ते शिबिरं बंद पडन, ते यंत्र धूळ खात राहीन. माह्यं काय, सा महिने राह्यले. मले कोण काय करते?"

मी म्हणायला हवं होतं, नाही भाऊ, हे माझं आहे. माझ्या मनात ते वाक्य होतं. तोंडातून निघालं ते असं, "बघू उद्या." ते उठले आणि बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर ते आधी बोलले. नमुने आपण हाताळले, लेबलं आपण लावली, असं सांगितलं. समितीतल्या कुणी वही मागितली नाही. मागितली असती तर नंबरांचं अक्षर कुणाचं ते दिसलं असतं. मला विचारलं, "आपल्याला काही सांगायचं आहे?" मी म्हणाले, "ते अतिशय प्रामाणिक कर्मचारी आहेत, सहानुभूतीनं विचार व्हावा." ते वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं. त्यांच्या सेवापुस्तकात ठपका आला. पुढच्या महिन्यात माझा आदेश निघाला.

मग आम्ही पुलगावला गेलो, त्या घरी सांगायला. घराची वाट भाऊंना माहीत होती. बाजारामागची गल्ली, पत्र्याचं फाटक, दारात निरगुडीचं झाड. सासू बाहेरच होती. नवरा कामावर गेला होता, दारूगोळ्याच्या डेपोत तो मजुरीवर होता. आतून बाळ कण्हत असल्याचा आवाज येत होता. रडण्याचाही जोर नसला की मूल जसं करतं, तसा.

मी ओळख सांगितली. म्हणाले, "तुमच्या सुनेचं कार्ड बनावट नव्हतं. चूक प्रयोगशाळेत झाली. तिच्या माहेरच्यांनी काही फसवलेलं नाही."

सासूनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोणाच्या हातानं झाली?"

मी उत्तर द्यायच्या आत भाऊ एक पाऊल पुढं झाले. "माह्याच हातून झाली, माय."

ती बाई जे बोलली ते मी इथं लिहीत नाही. ती त्यांच्या गावची, त्यांच्याच गल्लीच्या पलीकडची. तिनं त्यांच्या घराचा, बायकोचा, गिरणीतल्या बापाचा उद्धार केला. शेजारच्या दोन दारांत माणसं येऊन उभी राहिली. भाऊ मान खाली घालून ऐकत होते. मी त्यांच्या बाजूला, हातात फाइल धरून उभी होते. पन्नाशी ओलांडलेली प्राध्यापक, आणि घशातून आवाज निघेना. निघेना असं म्हणणंही खोटं आहे. काढला नाही.

सून बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली. ती सासूपेक्षा शांत होती. मला म्हणाली, "मॅडम, लिहून देता का?"

"काय लिहून देऊ?"

"का माह्या मायबापानं खोटं नाई केलं म्हणून."

मी तिथंच, ओट्यावर बसून, विभागाच्या कागदावर लिहून दिलं. तिनं वाचलं, घडी घातली आणि ब्लाऊजमध्ये ठेवली. मग विचारलं, "हे बरं होते का?" मला वाटलं कागदाबद्दल विचारते आहे. ती बाळाबद्दल विचारत होती.

मी सांगितलं की औषध आहे, रोज घ्यावं लागेल, पाणी भरपूर पाजायचं, थंडीत जपायचं, ताप आला की थांबायचं नाही, लगेच दवाखाना. बरं होतं असं मी म्हणाले नाही. ती समजली. पुढं त्या घरानं तिला ठेवून घेतलं, हे समाजसेविकेकडून कळलं. त्या कागदामुळं की बाळाच्या आजारामुळं, ते मला माहीत नाही.

येताना आम्ही स्टेशनपर्यंत पायी आलो. मी म्हणाले, "भाऊ, मला बोलायला हवं होतं."

"राहू द्या मॅडम. दोघानं शिव्या खाऊन काय फायदा?"

दुसरी मुलगी राहिली होती.

तिच्याबद्दल मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त माहिती आधीच होती. दर बुधवारी दवाखान्यात सिकलसेलची ओपीडी असे आणि मी तिथं महिन्यातून एकदा बसत असे. समुद्रपूरकडची एक गोंड बाई दरवेळी गावातली तीन-चार आजारी मुलं घेऊन यायची. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघायची. मुलांच्या गोळ्या, पुस्तकं, पाण्याच्या बाटल्या, सगळं एका पिशवीत. डॉक्टरांना ती ओळखीची होती. त्या गावची आशाताईसुद्धा तिलाच विचारते, असं ऐकलं होतं. तिच्या पर्सच्या प्लास्टिकच्या कप्प्यात स्वतःचं पिवळं कार्ड असे. मुलांच्या आया घाबरल्या की ती ते दाखवायची, "मलेही हाय. मी पाहा कशी हाय," म्हणायची.

त्या कार्डावरचा नंबर मी वहीशी ताडून पाहिला. ती हीच.

एका बुधवारी मी तिला म्हणाले, तुझं रक्त पुन्हा एकदा तपासू. तिनं का म्हणून विचारलंसुद्धा नाही, हात पुढं केला. संध्याकाळच्या आत निकाल माझ्या हातात होता. तिच्या रक्तात दोष नव्हता, कधीच नव्हता. मी तो कागद टेबलाच्या खणात ठेवला. पाच महिने ठेवला. कारणं होती: परीक्षा होत्या, नॅकची तपासणी होती, भाऊ निवृत्त झाले. त्यांचा निरोपसमारंभ साधाच झाला. ठपका असल्यामुळं शाल-श्रीफळाचा मोठा कार्यक्रम नको, असं वरून सुचवलं गेलं. आम्ही विभागात चहा केला. मी दोन शब्द बोलले. कोणते ते आठवत नाहीत.

शेवटी डिसेंबरात मी एकटी त्या गावी गेले. तिच्या घरासमोर तुरीचं वाळवण पडलं होतं. म्हातारी आजी उन्हात बसून गोंडीत स्वतःशीच काही बोलत होती. ती घरातून बाहेर आली, तिनं मला खाट टाकून दिली, पाणी दिलं. मी फिरवून न सांगता सांगितलं. नऊ वर्षांपूर्वीचं कार्ड चुकीचं आहे, तुला काहीही नाही, आणि नळ्यांवरचे नंबर मी लावले होते.

"तुमी?" ती म्हणाली. "मले तं सांगतलं होतं का ते भाऊच्या हातून झालं. पुलगाववाल्या पोरीनं सांगतलं. आमी एकाच शाळेतल्या."

म्हणजे तिला चुकीबद्दल आधीच माहीत होतं. पाच महिने मी जे लपवून बसले होते, ते तिच्यापर्यंत माझ्याआधी पोचलं होतं.

"मग तू काही विचारलं का नाहीस?"

"वाट पाह्यली. म्हटलं सांगतीन."

मी म्हणाले, "भाऊंनी तेव्हा सांगितलं होतं बापाचं नाव लिहा म्हणून. मी ऐकलं नाही. चूक माझी." हे मी पहिल्यांदा कुणाला तरी बोलून दाखवत होते.

ती बराच वेळ तूर सारखी करत राहिली. मग सांगू लागली, रागानं नाही, हिशोब सांगावा तसंही नाही, नुसतं एकापुढं एक. एक मुलगा होता, शेजारच्या गावचा, जंगलखात्यात रोजंदारीवर. दोघांचं ठरलं होतं. त्याच्या घरच्यांनी कार्ड पाहिलं आणि नाही म्हटलं. त्याचं कार्ड पांढरं होतं. लग्न झालं असतं तरी काही बिघडणार नव्हतं, हे तिला तेव्हाही माहीत होतं, तिनं शिबिरात माझं भाषण ऐकलं होतं. तिनं त्याच्या आईला समजावलं. त्याची आई म्हणाली, मॅडम लोक बोलून जाते, निभवाचं आमाले असते. त्यानंतर दोन स्थळं आली, दोन्ही कार्डावर अडली. मग बाप गेला, आणि कुणी पाहणारंच राहिलं नाही.

"मॅडम, तुमचं लग्न झालं का?"

"नाही."

"तुमी आपल्या मनानं नाई केलं."

मी हो म्हणाले.

"तेच सांगून राह्यली," ती म्हणाली.

मी नवं पांढरं कार्ड तिच्यासमोर धरलं. तिनं ते घेतलं नाही. म्हणाली, "हे घेऊन काय करू? लेकरांच्या माया मले आपली समजतात. म्हणते, हिलेही हाय, हिले कळते. आता काय सांगू त्याईले? का मले नाईच म्हणून?" तिचा आवाज पहिल्यांदा बदलला. "लग्न गेलं तं गेलं. हे एक होतं माह्यापाशी."

आजीनं गोंडीत काही विचारलं. तिनं गोंडीतच उत्तर दिलं, चार शब्द. मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. निघताना मी कार्ड खाटेवर ठेवलं. स्टँडकडे जाताना मागं वळून पाहिलं तेव्हा ती पुन्हा तुरीपाशी बसली होती.

त्यानंतर तिनं बुधवारी येणं बंद केलं. मुलं एकेकटी येत, आयांबरोबर, कधी येत कधी नाही. गोळ्या मधेच सुटायच्या. त्या हिवाळ्यात त्या गावच्या दोन मुलांना भरती करावं लागलं. त्यांतला एक, नऊ वर्षांचा, परत गेला नाही. डॉक्टर म्हणाले, ताप येऊन तीन दिवस झाल्यावर आणला. ती असती तर पहिल्या दिवशी आणला असता. हे कुणी मला म्हटलं नाही. मीच म्हणते.

तो मुलगा गेल्यावर साधारण महिन्यानं ती पुन्हा दिसली, दोन मुलं घेऊन. माझ्या टेबलाशी आली नाही. दुरूनच मान हलवली आणि डॉक्टरांच्या रांगेत बसली. तेव्हापासून येते आहे. तिनं आयांना काय सांगितलं, सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही.

मी विद्यापीठाला दुसरं पत्र लिहिलं. नळ्यांवरचे नंबर माझ्या अक्षरात आहेत, वही सोबत जोडते आहे, तंत्रज्ञांवरचा ठपका काढावा. दोन महिन्यांनी उत्तर आलं: संबंधित कर्मचारी सेवानिवृत्त झाले असून प्रकरण निकाली काढण्यात आले आहे. मी कुलसचिवांना भेटले. ते नवे होते. म्हणाले, "मॅडम, आता कशाला? तुम्हीपण वर्ष-दोन वर्षांत सुटाल." मी भांडू शकले असते. वर्तमानपत्राकडे जाऊ शकले असते. दोन वर्षं आणखी शिकवलं, विद्यार्थ्यांना फळ्यावर तेच चौकोन काढून दाखवले, आणि मागच्या वर्षी निवृत्त झाले. माझ्या निरोपाला मोठा कार्यक्रम झाला. सिकलसेलसाठी वाहून घेतलेलं आयुष्य, असं एकजण म्हणाले.

यंदा उन्हाळ्याच्या आधी मी ते दुसरं पत्र आणि विद्यापीठाचं उत्तर घेऊन भाऊंकडे पुलगावला गेले. निवृत्तीनंतर त्यांना भेटले नव्हते. फोनवर ते नेहमी "मजेत हाय" म्हणायचे. घरात टीव्ही चालू होता, आवाज बंद. ते बारीक झाले होते. मला पाहून उठले, खुर्ची पुसली.

मी पत्र पुढं केलं. त्यांनी चष्मा लावला, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि कागद परत माझ्या हातात दिला.

"कायले काढलं मॅडम हे जुनं?"

"तुमच्या नावावर राहायला नको म्हणून."

"आता काय फरक पडते?"

त्यांची बायको चहा घेऊन आली होती. कपबशी हातातच राहिली. "काय राहाले नको?" तिनं मला विचारलं.

भाऊ म्हणाले, "काई नाई. हापिसचं हाय."

पण मी सांगितलं. नळ्यांची चूक माझी होती, ह्यांनी ती स्वतःवर घेतली. तिला हे माहीत नव्हतं. तीस वर्षं ज्या माणसाला मी ओळखत होते, त्यानं घरातसुद्धा ते सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं.

तिनं कपबशी माझ्यापुढं ठेवली, सांडू न देता. मग नवऱ्याकडे न बघता माझ्याशी बोलली. "निवृत्त झाल्यावर अठीच्या, पुलगावच्याच लॅबमधी याईले घेणार होते. सगळं ठरलं होतं. मग त्याईले कोणतरी सांगतलं, नळ्या बदलणारा हाच तो. नाई म्हणले. तवापासून हा माणूस बाजारात जात नाई, मॅडम. त्या गल्लीतून जा लागते म्हणून. भाजी मीच आणतो."

भाऊ म्हणाले, "तू आत जाय."

ती गेली नाही. उंबऱ्याशी उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. मी चहा प्यायले. तो गोड होता, आमच्याकडे करतात तसा. प्यायचा नव्हता, पण ठेवणं बरं दिसलं नसतं.

मी म्हणाले, "भाऊ, मी त्या लॅबवाल्यांना जाऊन सांगते. त्या घरीही जाते, पत्र्याच्या फाटकाच्या. सगळ्यांसमोर सांगते."

त्यांनी मान हलवली. "नोका मॅडम. मले आता हातही कापते. कोणती लॅब ठेवन मले?" त्यांनी हात पुढं करून दाखवला. उजव्या हाताची बोटं खरंच थरथरत होती.

तरी मी त्या घरी गेले. त्यांनी नको म्हटल्यावर, त्यांच्या दारातून निघून, सरळ त्या गल्लीत. सासू वारली होती. सून दारात होती, मुलगा आता चार-पाच वर्षांचा झाला होता, पोट पुढं आलेलं, डोळे पिवळट. मी तिला सांगितलं की तेव्हा तुमच्यासमोर ज्या माणसानं शिव्या खाल्ल्या, त्याची चूक नव्हती, माझी होती. तिनं ऐकून घेतलं.

"आता कोणाले सांगू?" ती म्हणाली. "बुढी तं मेली."

मुलानं तिचा पदर ओढला. तिनं त्याला उचललं, कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "याचं अंग गरम लागून राह्यलं. तुमी बसा, मी दवाखान्यात जातो." ती चप्पल घालून निघालीसुद्धा. मी तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेले. ती ऑटोत बसली, आणि मी स्टेशनकडे वळले.